मोंबासाजवळ हत्तींच्या अभयारण्यात तंबूत राहायचंय, सल्ला हवाय

प्रवासवेडी: नमस्कार मंडळी, नवऱ्याचं केनियात मोंबासाला ऑफिसचं काम निघालंय, तर दिवाळीच्या सुट्टीत मी, लेक (वय 9) आणि सासूबाई (64) पण जायचं म्हणतोय. मसाईमारा लांबही पडतं आणि बजेटमध्येही बसत नाही. क्वालेजवळ म्वालुगांजे म्हणून हत्तींचं अभयारण्य आहे, तिथे तंबूत राहता येतं असं कळलं. कोणी राहिलंय का? संडास-बाथरूम आत असतं का, सासूबाईंना जमेल का? त्या शुद्ध शाकाहारी आहेत. आणि लेकीला सिंह बघायचाय.

सावंतवाडीकर: आम्ही काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दोन रात्री राहिलो होतो. नक्की जा. तंबू म्हणजे ट्रेकचा तंबू नाही हो, जाड कॅनव्हासची खोलीच असते, खाली पक्का चौथरा, वर नारळाच्या झापांचं छप्पर अगदी आपल्या मांगरासारखं (शेतातल्या खोपटासारखं), आत पलंग, मच्छरदाणी, मागच्या बाजूला बाथरूम. समोर उतारावर पाणवठा. दुपारी चारच्या सुमारास कळप आला तेव्हा आम्ही चहा घेत बसलो होतो, पुढे म्हातारी हत्तीण, ती सोंड उंच करून हवा हुंगत कितीतरी वेळ नुसती उभी राहिली आणि मगच बाकीचे पाण्यावर आले. एक पिल्लू एवढं लहान की त्याला सोंडेने पाणी घेता येत नव्हतं, पुढचे गुडघे टेकून तोंडानेच पीत होतं. रात्री तंबूच्या मागे फांद्या मोडल्याचा आवाज आणि त्यांच्या घशातली गुरगुर ऐकू येते, माझी बायको पहिल्या रात्री झोपलीच नाही पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली अजून एक रात्र राहू. अंधार पडल्यावर रखवालदाराशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे लेकीला आधीच सांगून ठेवा.

आणखी एक सांगतो. ती जमीन गावकऱ्यांची आहे, दिगो आणि दुरुमा या तिथल्या जमातींच्या शेतकऱ्यांची. हत्ती मका खायचे, माणसं मरायची, मग 1990 च्या दशकात त्यांनी आपापली शेतं एकत्र करून हत्तींना सोडली आणि पर्यटकांच्या पैशातून हिस्सा घ्यायचा असं ठरलं. आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे, 2002 पासून हत्ती येतायत, रात्रीत भुईसपाट झालेल्या केळी आणि माड मी डोळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे स्वतःचं शेत सोडणं म्हणजे काय ते मला कळतं. तिथे प्रवेशाचे पैसे देताना घासाघीस करू नका.

नैरोबीवासी: वरच्या प्रतिसादाला +1. फक्त दिवाळीचं बघा हं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे छोटा पाऊस असतो, रानात जागोजागी पाणी साचलं की हत्ती पाणवठ्यावर कमी येतात. जानेवारी-फेब्रुवारी जमत असेल तर सोनं.

सिंहासाठी म्वालुगांजे नाही. शेजारी शिंबा हिल्स हे राखीव जंगल आहे, केनियात सेबल हरीण फक्त तिथेच दिसतं. सिंहासाठी त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानात एक रात्र काढा, मोंबासाहून सकाळची मधल्या स्टेशनांवर थांबणारी रेल्वे पकडून वोईला उतरायचं. तिथले हत्ती लाल मातीत लोळून विटेच्या रंगाचे झालेले असतात.

जेवणाची काळजी करू नका, मोंबासात गुजराती वस्ती जुनी आहे, शाकाहारी म्हणजे काय ते त्यांना माहीत असतं. म्बाझी मागा, नारळाच्या रसातली तूर, सासूबाईंना घरचंच वाटेल. चिवडा-लाडू नेणार असाल तर डब्यात न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, खरंच दंड होतो.

प्रवासवेडी: बापरे, पिशव्यांचं माहीतच नव्हतं! आणि ते पिवळ्या तापाचं इंजेक्शन सगळ्यांनाच लागतं का?

नैरोबीवासी: हो, भारतात परत येताना पिवळं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) बघतात, नसेल तर क्वारंटाइन करतात. प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घ्या, एकदा घेतलं की कार्ड आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढे ही लस सरसकट देत नाहीत, सासूबाईंना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि मगच तिकिटं काढा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा, किनारपट्टीला मलेरिया आहे.

प्रवासवेडी: नवऱ्याशी बोलले, काम फेब्रुवारीत ढकलता येतंय म्हणाला! लेकीची आठवडाभर शाळा बुडेल, बुडू दे. म्वालुगांजे दोन रात्री, त्सावो एक.

सावंतवाडीकर: छान! पैसे भरायच्या आधी कॅम्प चालू आहे ना हे फोन करून विचारा, आणि पाणवठ्याकडे तोंड असलेला, जेवणाच्या जागेजवळचा, कमी पायऱ्यांचा तंबू सासूबाईंसाठी तेव्हाच लिहून घ्या. दुर्बीण दोन न्या, एकीवरून भांडणं होतात. आणि हत्तीच्या शेणापासून केलेल्या कागदाची वही मिळाली तर लेकीला घ्या, आमच्या मुलाने त्यात अख्खा कळप काढलाय, अजून जपून ठेवलीय.