थ्री-नॉट-थ्री की २ए१? रिसिव्हरवरून ओळखायचं कसं

पडद्यामागे_गोरेगाव
१९४३ सालच्या कथेसाठी भाड्याने रायफली आल्यात. थोडा भाग बर्मा आघाडीचा, थोडा मुंबईतल्या पोलीस चौकीचा. सगळ्या ली-एनफिल्ड (ब्रिटिश काळातल्या, बोल्ट ओढून भरायच्या रायफली), सगळ्या निकामी केलेल्या. पुरवठादाराने यादीत सरसकट 'थ्री-नॉट-थ्री', म्हणजे .३०३ इंच काडतुसाच्या, लिहिलंय. पण शेजारी शेजारी ठेवल्या की रिसिव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) सारखे दिसत नाहीत. काहींची डावी बाजू सपाट आणि चौकोनी, काहींची गोलसर. काहींवर काळा रंग इतका जाड आहे की कोरलेलं काहीच वाचता येत नाही. क्लोज-अप आहेत, त्यामुळे चालवून घेता येणार नाही. कुठल्या ठेवू, कुठल्या परत पाठवू?

बट_सॉकेट
गोलसर ती ली-एनफिल्डचं जुनं मॉडेल नंबर १, सपाट ती नंतरचं नंबर ४. एवढं रिसिव्हरवरून नक्की कळतं, पुढचं कळत नाही.

नंबर ४ च्या रिसिव्हरची डावी भिंत जाड, उभी आणि सपाट असते. नंबर १ ची कडा वळवून उतरवलेली असते. रंगामुळे खात्री वाटत नसेल तर बोल्ट मागे ओढा आणि बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं टोक, बघा. नंबर १ मध्ये बोल्ट हेडचा हुक उजव्या कडेला बाहेरून धरून सरकतो. नंबर ४ मध्ये बोल्ट हेड रिसिव्हरच्या आतल्या खाचेतून जातं, कडेवर काही चढत नाही. लांबूनही ओळख पटते: नंबर १ ची मागची साईट (नेम धरायची) नळीवर, रिसिव्हरच्या पुढे असते आणि नळीचं तोंड नोज कॅपशी, म्हणजे लाकडाच्या टोकावरच्या धातूच्या टोपीशी, जवळपास समतल असतं. नंबर ४ ची साईट रिसिव्हरच्या मागच्या टोकाला, भोकाची, आणि नळी लाकडाच्या बरीच पुढे आलेली.

नंबर ४ ला मंजुरी १९३९ ची, पण कारखान्यांतून ती भरपूर संख्येने १९४१ पासून निघायला लागली. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ती कधीच बनली नाही. म्हणून १९४३ मधल्या हिंदी पलटणीच्या हातात नंबर १ मार्क ३ किंवा मार्क ३ स्टारच दाखवा. सपाट भिंतीच्या सगळ्या बाजूला काढा.

७_६२_वाला
वरचं बरोबर आहे, पण खरी फसगत गोलसर ढिगातच होते. इशापूरची २ए आणि २ए१ नंबर १ च्याच घडणीची आहे. ती १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ मिमी काडतुसासाठी नव्याने बनवलेली रायफल आहे, जुनी .३०३ बदलून केलेली नव्हे. रिसिव्हर कितीही न्याहाळलात तरी फरक हाती लागणार नाही. मॅगझिन बघा. .३०३ चं दहा गोळ्यांचं, तळ तिरका उतरलेला. ७.६२ चं बारा गोळ्यांचं, डब्यासारखं काटकोनी. पण मॅगझिन सुटा भाग आहे, भाड्याच्या मालात अदलाबदल झालेली असू शकते. त्यावर एकट्यावर विसंबू नका.

मागच्या साईटच्या पानावरचा, म्हणजे अंतराचे आकडे कोरलेल्या पट्टीवरचा, सर्वात मोठा आकडा वाचा. ८०० असेल तर २ए१, विषय संपला. २००० असेल तर मात्र .३०३ असं लगेच ठरवू नका. २ए च्या पानावरही २००० च आहे, फक्त ते मीटर आहेत. .३०३ वरचे यार्ड.

शेवटचा निकाल बट सॉकेटवर, म्हणजे लाकडी बट जिथे धातूत बसतो त्या पट्ट्याच्या उजव्या बाजूला. तिथे मुकुट, जी.आर.आय. (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), इशापूर आणि साल असेल तर ठेवा. २ए१ वर तिथेच ७.६२ मिमी आणि मॉडेल कोरलेलं असतं. हिंदी चित्रपटांत बेचाळीसच्या शिपायाच्या खांद्यावर चौकोनी मॅगझिन दिसतं ना, ती हीच.

गंज_आणि_तेल
रंग काढताना वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. अक्षरं उथळ असतात, नंबर ४ च्या डाव्या भिंतीवरची तर विजेच्या पेन्सिलने नुसती ओरखडल्यासारखी. बट सॉकेटवर थिनरमध्ये भिजवलेलं कापड दहा मिनिटं ठेवा, सुती चिंधीने पुसा, मग खडू घासून टॉर्च आडवा धरा. लाकडावर थिनर जाऊ देऊ नका, जुनं तेल निघून पांढरे डाग पडतात. आणि पुरवठादाराची परवानगी आधी घ्या, माल त्याचा आहे.

पडद्यामागे_गोरेगाव
गोलसरमधल्या दोनांच्या उजव्या बाजूला, मॅगझिनच्या वर, लांबट आडवी फट आहे. बाकीच्यांना नाही. आणि लाकडात मॅगझिनच्या पुढे आरपार स्क्रू दिसतो, तो डमी करताना मारलाय का?

बट_सॉकेट
फट मॅगझिन कट-ऑफची, म्हणजे मॅगझिन झाकून एकेक गोळी भरायला लावणाऱ्या पट्टीची. १९१६ मध्ये मार्क ३ स्टार आली तेव्हा कट-ऑफ वगळला. दोन्ही प्रकार १९४३ ला चालतील, एकाच तुकडीत मिसळले तरी हरकत नाही. फटीवरून नेमकं साल मात्र काढू नका.

स्क्रू डमीवाल्याचा नाही. लाकूड फाटू नये म्हणून भारतात मारायचे. त्यावरून रायफल इथे वापरली किंवा दुरुस्त केली एवढं कळतं.

चौकी_नंबर_शून्य
पोलिसांच्या प्रसंगासाठी ढिगात .४१० मस्कट आहे का पाहा. रिसिव्हर नंबर १ चाच, पण मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच काडतूस आणि नळीला आतून आटे नाहीत. चौकीतल्या शिपायाला ती जास्त शोभेल.

आखूड नळीची, तोंडाला नरसाळं लावलेली 'जंगल कार्बाइन' कुणी खपवत असेल तर घेऊ नका. ती म्हणजे नंबर ५, उत्पादन १९४४ पासूनचं. शिवाय नंबर ४ कापून केलेल्या नकलाही फिरतात. अस्सलमध्ये वजन कमी करायला रिसिव्हरवर आणि नळीच्या मुळाशी धातू कोरून काढलेला असतो. नकलेत तिथे भरीव.

एक कामाचं: प्रत्येक नळी बंद केलेली आहे ना ते स्वतः बघा आणि निकामी केल्याचे कागद सेटवर ठेवा. शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात, त्यामुळे 'नुसता सांगाडा आहे' हे नाक्यावरच्या तपासणीत चालत नाही.

७_६२_वाला
साईटच्या पानाचा आणि बट सॉकेटचा फोटो टाका, एकेक करून सांगतो. अनुक्रमांक मात्र झाकून टाका.