मदत हवी आहे: कॉलेजच्या क्यूबसॅटसाठी कक्षा ५०० किमी की ६०० किमी?

मंडळी, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांचा उपग्रह आकाराला येतोय. तीन युनिटचा क्यूबसॅट आहे: १० × १० × ३४ सेंमी, वजन साधारण ४ किलो. इंजिन नाही. म्हणजे रॉकेटपासून सुटला की त्याला हलवणं आमच्या हातात नाही. दोन कक्षांचा विचार चालू आहे, एक ५०० किमीच्या आसपास आणि एक ६०० च्या. टीममधल्या बहुतेकांचा कल ६०० कडे आहे, कारण तिथे उपग्रह जास्त वर्षं टिकेल. मला ५०० हवी आहे आणि पुढच्या रिव्ह्यूत ते आकड्यांनिशी मांडायचं आहे.

आमचं उपकरण चालणार फार तर दोन वर्षं. त्यानंतर तो बंद ठोकळा ताशी २७ हजार किमीच्या वेगानं फिरत राहणार. जवळून दुसरा उपग्रह जाणार असेल तर दरवेळी त्यानंच सरकायचं, त्याचंच इंधन जाळायचं. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियाच्या वर ७८९ किमीवर काय झालं ते आठवा. रशियाचा कॉसमॉस २२५१ कित्येक वर्षं बंद पडलेला, इरिडियम ३३ मात्र चालू, त्याला सरकता आलं असतं. पण त्या दिवशीच्या सार्वजनिक अंदाजात दोघं एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जातील असं होतं, आणि त्याहून जवळच्या इतर जोड्याही त्याच यादीत होत्या. कशाकशासाठी सरकणार? दोघं धडकले आणि माग काढता येतील एवढे मोठे दोन हजारांवर तुकडे झाले. त्यातले कित्येक अजून वर आहेत.

तर विचारायचं आहे ते असं. उपग्रह किती वर्षांत खाली येईल याचा भरवशाचा हिशोब कसा करायचा? ६०० च घ्यावी लागली तर हवेची ओढ वाढवायला शिडासारखा पडदा लावून भागेल का? आणि सुटल्यावर 'हा आमचा' हे इतरांना कळवायचं कसं?

प्रतिसाद:
हिशोबाची सुरुवात क्षेत्रफळ भागिले वस्तुमान इथून करा. गडगडत फिरणाऱ्या ठोकळ्याचं सरासरी समोर येणारं क्षेत्रफळ त्याच्या एकूण पृष्ठभागाच्या एक चतुर्थांश असतं. तुमचा पृष्ठभाग ०.१५६ चौ. मी., त्याचा चौथा भाग ०.०३९. भागिले ४ किलो, म्हणजे किलोमागे जवळपास ०.०१ चौ. मी. एवढ्यावर ५०० किमीला काही वर्षं निघतात, ६०० ला दशक सहज ओलांडतं. नेमका आकडा सूर्यावर अवलंबून आहे. सूर्य तापलेला असला की वरचं वातावरण फुगतं, उपग्रहावरची हवेची ओढ वाढते आणि तो लवकर खाली येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळामुळे स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह परत खाली आले, ते ह्याच कारणानं. तुमचं प्रक्षेपण सौरचक्राच्या उतारावर, म्हणजे सूर्य शांत होत जात असताना असेल, तर शांत सूर्य धरूनच हिशोब करा. नासाचं डास (DAS) आणि युरोपचं ड्रामा (DRAMA) ही असा हिशोब करणारी दोन्ही सॉफ्टवेअरं मोफत मिळतात. दोन्हींत घालून बघा आणि रिव्ह्यूत एक आकडा न देता किमान-कमाल दोन्ही द्या.

अमेरिकेच्या एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकानं, काम संपल्यावर उपग्रह खाली यायची जुनी २५ वर्षांची मुदत सप्टेंबर २०२२ मध्ये ५ वर्षांवर आणली. तुम्हाला तो नियम लागू नाही, पण वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते टीमला दाखवायला चांगला आहे.

प्रतिसाद:
पडद्याबद्दल. पडदा उघडायला बॅटरी लागते, आणि विद्यार्थ्यांचे उपग्रह बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच गप्प होतात. मग पडदा घडीतच राहतो. लावायचाच तर वीज गेली की आपोआप उघडेल असा लावा. पण काहीही बिघडलं तरी खाली यायचंच असेल, तर त्याला ५०० किंवा त्याहून कमी उंचीइतका खात्रीचा उपाय नाही. आणखी एक, काम संपल्यावर बॅटरी सौरपट्ट्यांपासून कायमची तोडता येईल अशी सोय सर्किटमध्ये आत्ताच ठेवा. वर बॅटरी फुटून तुकडे होणंही नको.

ओळख पटवण्याचं म्हणाल, तर एका रॉकेटमधून डझनभर छोटे उपग्रह सुटले की पहिले काही दिवस रडारला ठिपके दिसतात, नावं नाही. सुटण्याचा क्रम आणि वेळ इस्रोच्या बंगळूरच्या आयएसफोरओएम (IS4OM) केंद्राला आधीच कळवा, उपग्रहांच्या टकरींवर तेच लक्ष ठेवतं. जीपीएस बसवत असाल तर स्वतःची स्थिती रोज त्यांना द्या. रडारवरून काढलेल्या सार्वजनिक टीएलईत, म्हणजे कक्षेच्या दोन ओळींच्या नोंदीत, किलोमीटरभराची चूक सहज असते. समोरच्याला सरकायचं की नाही हे ठरवताना तुमचे जीपीएसचे आकडे फार उपयोगी पडतील. शिवाय एक संपर्क-ईमेल द्या आणि रात्री-अपरात्रीही तो बघणारं कोणी ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपचा वारे मोजणारा उपग्रह एओलस आणि स्पेसएक्सचा एक स्टारलिंक जवळ येत होते. धोका वाढल्याचा निरोप स्पेसएक्सच्या माणसांपर्यंत वेळेत पोचला नाही, शेवटी एओलसच वर उचलावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, कॉलेजचं तर सुट्टीत हमखास होणार.

प्रतिसाद:
वेगळा उपग्रह सोडायलाच हवा का, हे आधी विचारतो. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा काम झाल्यावर पोएम म्हणून, म्हणजे कक्षेतला प्रयोगांचा मंच म्हणून वापरतात. तुमचं उपकरण त्यावरच बसतं. वीज त्याची, स्थिरताही त्याचीच. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ उपकरणं होती. त्यात मुंबईच्या अमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींचा प्रयोगही होता. तो टप्पा ३५० किमीवर उतरवला होता आणि ४ एप्रिल २०२५ ला हिंदी महासागरावर वातावरणात शिरून संपला. मागे काही उरलं नाही. प्रयोग काही महिन्यांत आटोपणारा असेल तर इन-स्पेसकडे, म्हणजे इस्रोबाहेरच्यांना अंतराळ-कामांची परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, चौकशी कराच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. चौथ्या भागाचं सूत्र आजच टीमला दाखवलं, ६०० वाल्यांपैकी दोघं लगेच हिशोबाला बसले. पोएमचा पर्याय आमच्या चर्चेत आलाच नव्हता. आमच्या कॅमेऱ्याला जमिनीकडे रोखून धरायला लागतं. पोएमवरून असं सतत जमिनीकडे तोंड ठेवता येतं का, की इतर उपकरणांच्या गरजेप्रमाणे दिशा बदलत राहते? कोणी तिथे काम केलं असेल तर सांगा, त्यावरच ठरेल.