मदत हवी आहे: रेआल माद्रिदचं फ्री ट्रान्सफरचं गणित कोणी समजावेल का?

मंडळी, एक गोष्ट नीट समजून घ्यायचीये. 2021 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच स्ट्रायकर एम्बाप्पेसाठी रेआलने साधारण 160 मिलियन युरो टेबलवर ठेवले, त्याच्या तेव्हाच्या क्लबने, पॅरिसच्या पीएसजीने चक्क नाही म्हटलं, मग 2022 मध्ये त्याने तिथेच करार वाढवला आणि शेवटी 2024 ला करार संपल्यावर रेआलकडे आलाच, ट्रान्सफर फी शून्य! अलाबा, रुडिगर हे डिफेंडर पण असेच आले. आता करार संपायला सहा महिने उरले की प्लेयर दुसऱ्या क्लबशी थेट बोलू शकतो हे माहितीये, पण वाचलेली फी शेवटी साइनिंग बोनस (सही करताना प्लेयरला मिळणारी रक्कम) आणि पगारातच जाते ना? मग क्लबचा खरा फायदा किती? आणि तो बोनस हिशोबात कराराच्या वर्षांवर वाटतात का, जसं फीचं करतात तसं?

दुसरं म्हणजे लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डचा करार संपतच आला होता तरी 2025 मध्ये क्लब वर्ल्ड कपसाठी पैसे देऊन त्याला महिनाभर आधी आणला, ते कशासाठी परवडतं? मला तर वाटतं पैशापेक्षा बर्नाबेऊचं (रेआलच्या स्टेडियमचं) वजनच जास्त काम करतं, पण एजंट लोकांशी बोलणी नक्की कधीपासून सुरू होतात? कोणी यावर अभ्यास केला असेल तर प्लीज सविस्तर लिहा.