आयसोलेटची फोकस रिंग : आधी हत्यारं नीट घ्या

आग्फा आयसोलेट या जुन्या, भात्याच्या घडीच्या फिल्म कॅमेऱ्याची घट्ट झालेली फोकस रिंग सोडवायला काही जण जेआयएस (जपानी मानकाचा) स्क्रू ड्रायव्हरचा सेट सुचवतात. तो जपानी कॅमेऱ्यांच्या फुलीच्या स्क्रूंसाठी चांगला, पण आयसोलेट जर्मन आहे. तिथे सपाट खाचेचे स्क्रू आहेत. रिंगच्या कडेवरच्या तीन बारीक स्क्रूंना खाचेत घट्ट बसेल असं घड्याळजीचं पातं हवं. सैल पातं निसटलं की खाच गेलीच. स्क्रू पूर्ण काढू नका, सैल करा, म्हणजे हरवत नाहीत.

रिंग निघाल्यावर पुढचं भिंग फिरवलं की बहुतेकदा मधलंही सोबत निघून येतं. कारण जुनं हिरवट ग्रीस वाळून दोन्ही चिकटलेली असतात. इथे पक्कड लावू नका, पितळ मऊ आहे. जोडी लायटरच्या पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवा, मग पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावरच हेअर ड्रायरने गरम करून हाताने, रबराच्या तुकड्यात धरून सोडवा. ॲसिटोन शेवटचा उपाय, तेही थेंबाथेंबाने आट्यांवरच. भिंगाच्या कडेचा काळा रंग त्याने उतरतो. डब्ल्यूडी-४० तर नकोच, ते पसरून शटरच्या पात्यांवर जातं.

आटे सुटतात त्या जागी खूण करा. मधलं भिंग परत पूर्ण आवळा, नाहीतर फोकस कधीच जुळणार नाही.

शटर उतरवायचं असेल तरच दोन टोकांचा लेन्स स्पॅनर घ्या, लांब टोकांचा, कारण मागची रिंग भात्याच्या आत खोल असते. शेवटी 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) शटर उघडं ठेवून, मागे फिल्म टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर घासलेली (दुधी) काच टेकवून अनंत, म्हणजे खूप दूरच्या वस्तूवरचा फोकस, तपासा आणि मगच ते तीन स्क्रू आवळा.