प्रतिसाद: झेंडा-राजधानीपेक्षा दोरी बरी

शाळेत एखादा देश शिकवताना झेंडा, राजधानी, चलन पाठ करून घेतलं की 'पेरू देश' संपतो, ही तक्रार वाचली आणि पटली. आमच्या पाचवीच्या वर्गाला तर पेरू म्हणजे फळच! मी सुरुवात क्वेस्वाचाका पुलापासून केली. पेरूतल्या कुस्को भागात आपुरिमाक नदीवर गवताच्या दोरांचा, सुमारे २८ मीटर लांबीचा हा झुलता पूल दरवर्षी जूनमध्ये नव्याने बांधतात. आसपासच्या केचुआ (तिथले मूळ रहिवासी) गावांतली घरं आपापल्या वाट्याची बारीक दोरी वळून आणतात. त्यांचे जाड दोर होतात, जुना पूल कापून नदीत सोडतात आणि तीन दिवसांत नवा उभा राहतो. २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली.

मग मुलांना वाळलेलं गवत दिलं, वळा म्हटलं. सुंभ आणि पीळ फक्त म्हणीत ऐकलेली पोरं! अर्ध्या तासात हातभर दोरीही होईना. एकीच्या आजोबांनी शाळेत येऊन पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. त्यानंतर प्रश्न थांबेनात: पावसात कुजत नाही का? तुटला तर?

उपवासाचा बटाटा मूळचा तिकडच्याच डोंगरांतला, हे मात्र कुणी मानायला तयार नव्हतं.