ब्लूबेरी कशाला? जांभळं-करवंदं आहेत की!

करवंदी:
ऐन मे महिन्यात रत्नागिरीच्या दुकानात लोक ब्लूबेरीची एवढीशी डबी घेतात, "शुगरला चांगली" म्हणून. बाहेर बायका जांभळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या! ब्लूबेरीचा गुण सांगतात तो तिच्या गडद रंगातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. ते जांभळात आहे, करवंदात आहे, रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीतही आहे. माझं मत स्पष्ट आहे: इन्शुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणं) असलेल्या कोकणी माणसाने ब्लूबेरीवर एक रुपया घालवू नये.

शंकासुर:
पैशाचं पटलं, बाकी नाही. अँथोसायनिन एकाच प्रकारचं नसतं. कोकमात मुख्यतः सायनिडिनचं, ब्लूबेरीत माल्विडिन-डेल्फिनिडिनचं. आणि माणसांवर नीट चाचणी झाली ती ब्लूबेरीची. 2010 साली लुइझियानाच्या पेनिंग्टन संस्थेने 32 लठ्ठ, इन्शुलिन रेझिस्टन्स असलेल्या पण मधुमेह नसलेल्या लोकांवर ती केली. 6 आठवडे रोज दोनदा स्मूदी, निम्म्यांच्या स्मूदीत ब्लूबेरीची पावडर. मोजमाप क्लँपने, म्हणजे शिरेतून इन्शुलिन सोडत राहायचं आणि रक्तातली साखर स्थिर ठेवायला किती ग्लुकोज द्यावं लागतं ते बघायचं; जास्त लागलं म्हणजे शरीर इन्शुलिनला चांगली दाद देतंय. ब्लूबेरीवाल्यांची ही संवेदनशीलता जास्त सुधारली. जांभळाच्या गराची अशी चाचणी दाखवा. उंदरांना दिलेलं बियांचं चूर्ण नको.

करवंदी:
माल्विडिन-डेल्फिनिडिन जांभळातही असतं हो! आणि 2019 ची इंग्लंडमधली चाचणी का गाळलीत? मेटाबॉलिक सिंड्रोमचे (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी यांतलं बरंच एकत्र वाढलेले) 115 जण, 6 महिने, रोज 150 ग्रॅमपर्यंत ब्लूबेरीइतकी पावडर. रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं, इन्शुलिन रेझिस्टन्स मात्र जिथल्या तिथे.

शंकासुर:
तेच म्हणतोय. इतक्या तपासलेल्या फळाचा निकाल डळमळीत, मग न तपासलेल्याचा तुमचा ठाम कसा?

तळकोकणचो:
तुमी दोघय भांडत रवा. हंय लोक कोकम साखरेक बरा म्हणान अमृत कोकम घटाघटा पितत. रातांब्याच्या सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवली काय सुटता ता! ह्यात औषध खंय? त्यापेक्षा आगळ, म्हणजे कोकमाचो बिनसाखरेचो खारट रस, घेवा, नारळाचो रस घाला, सोलकढी पिया.

खाडीकाठ:
तळकोकणच्यांशी मी सहमत. 2013 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 1,87,382 जणांची आकडेवारी आली होती. आठवड्याला तीनदा ब्लूबेरी खाणाऱ्यांत टाइप 2 मधुमेहाचा धोका सुमारे 26 टक्के कमी, पण फळांच्या रसाने उलट थोडा वाढलेला. अर्थात हे नुसतं निरीक्षण, चाचणी नव्हे. ब्लूबेरी खाणारे एरवीही तब्येतीला जपणारे असतील. माझी खरी चीड वेगळी आहे: गोळ्या बंद करून जांभळाच्या बियांचं चूर्ण घेणारे गावोगाव भेटतात.

करवंदी:
चूर्णाला माझाही विरोधच, गोळ्या चालूच ठेवायच्या. मी अख्ख्या फळाबद्दल बोलतेय. जेवणानंतर दोन हापूस चापण्याऐवजी वाटीभर जांभळं खा, पंधरा दिवसांनी साखर तपासा.

शंकासुर:
आणि उतरली, तर श्रेय कोणाचं? खाल्लेल्या जांभळांचं की न खाल्लेल्या हापूसचं?