पी०७०० म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही

गाडीला स्कॅनर लावल्यावर पी०७०० हा बिघाडाचा कोड दिसताच गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायला सांगितला, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. त्या कोडचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने बिघाड नोंदवून इंजिनच्या कंट्रोलरला डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लावायला सांगितलंय. नेमका बिघाड सांगणारा खरा कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडेच असतो आणि स्वस्तातला स्कॅनर बऱ्याचदा तिथवर पोचत नाही. तो आधी वाचून घ्या. पी०७१५ निघाला तर इनपुट स्पीड सेन्सरचा (गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा) कनेक्टर काढून पिनांवर हिरवट गंज चढलाय का बघा. पी०७३० (गिअरचं गुणोत्तर चुकीचं) मात्र हलक्यात घेऊ नका, त्यात गिअर घसरत असू शकतो. गिअरबॉक्स ऑइलची पातळी तपासा, जळका वास आला तर क्लच प्लेटांवर संशय धरा. आणि कृपा करून फ्रीझ फ्रेमचा (कोड नोंदवताना साठवलेले गाडीचे आकडे) फोटो काढल्याशिवाय कोणालाही कोड पुसू देऊ नका.